फौजेतली नोकरी, वहीतला छंद

खुलताबादचं नाव निघालं की बोलणं औरंगजेबाच्या कबरीपाशी येऊन थांबतं. त्याच गावात अमीर हसन सिज्झी चौदाव्या शतकापासून विसावला आहे. हा दिल्लीचा फारसी कवी अमीर खुस्रोचा मित्र होता आणि पोटापाण्यासाठी शाही फौजेत होता. १३०८ मध्ये त्यानं सूफी संत निजामुद्दीन औलियांच्या बैठकांमधली संभाषणं टिपायला सुरुवात केली. १३२२ पर्यंत १८८ बैठकांची नोंद झाली आणि ‘फवायद-उल-फुआद’ हा ग्रंथ तयार झाला. पुढे मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा हसनही दख्खनेत आला.

त्याच्या लेखनामागे श्रद्धा होती, म्हणून त्याला नुसता छंद म्हणणं तोकडं पडेल. पण ते पगाराचं काम नव्हतं. म्हणूनच छंदांबद्दलचे आजचे समज तपासायला हा शिपाईगडी उपयोगी पडतो.

गैरसमज : छंद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग.

वस्तुस्थिती : हसनच्या नोंदींची सरासरी काढली, तर महिन्याला एखादीच बैठक भरते. लागला तो सलग मोकळा वेळ नव्हे, चौदा वर्षांचं सातत्य. शिवाय छंद मुख्य कामाच्या आड येतोच असं नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नोबेल विजेत्यांना सामान्य शास्त्रज्ञांच्या तुलनेत कलेचा किंवा हस्तकौशल्याचा छंद असण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट आढळलं. छंदामुळे नोबेल मिळतं, असा याचा अर्थ नाही. पण ‘चित्रं काढत बसलास तर अभ्यास बुडेल’ हे घरोघरचं वाक्य त्यापुढे जरा लंगडं पडतं.

गैरसमज : मुळात हातात कला हवी, आणि वय उलटून गेलं की संपलंच.

वस्तुस्थिती : ही वही सुरू केली तेव्हा हसननं पन्नाशी ओलांडली होती. तो कसलेला कवी होता हे खरं. पण नवख्यांनाही लाभ होतो. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये ३९ प्रौढांना रंग, माती, कागद देऊन ४५ मिनिटं हवं ते करू दिलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. आधीचा सराव असण्या-नसण्यानं फरक पडला नाही.

उतारवयाबद्दलचं चित्रही असंच आहे. १६ देशांतल्या ६५ वर्षं आणि त्यापुढच्या ९३ हजारांहून अधिक लोकांची माहिती २०२३ मध्ये तपासली गेली. छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आणि समाधान जास्त दिसलं.

गैरसमज : चार पैसे किंवा बक्षीस मिळालं की गोडी वाढते.

वस्तुस्थिती : नेहमी नाही. १९७३ च्या एका गाजलेल्या प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना ‘काढलंस तर प्रशस्तिपत्र’ असं आधी सांगितलं होतं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात याच मुलांनी रंगीत पेन सगळ्यांत कमी हाती घेतले. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड टिकून होती. घात केला तो आधी केलेल्या सौद्यानं.

गैरसमज : छंद माणसाला एकलकोंडा करतो.

वस्तुस्थिती : हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीकडे भजनं गात पायी निघालेल्यांना हे पटणार नाही. सोबत गाण्यानं ओळखी लवकर जुळतात, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये नोंदवलं आहे. त्यांनी प्रौढांचे गायनाचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे वर्ग सात महिने पाहिले. गाणाऱ्यांची जवळीक आधी झाली, पण शेवटी हस्तकला आणि लेखनवालेही तितकेच जवळ आले होते.

हसनच्या वहीचंही तसंच झालं. निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आज खुलताबादेत आहे. त्यांचा एक शिष्य रुक्नुद्दीन काशानी हा सरकारी दप्तरात लेखनिक होता. हसनच्याच धर्तीवर त्यानं गुरूंची संभाषणं टिपली, आणि त्याचे भाऊ हम्माद व मज्दुद्दीन हेही लिहिते झाले. तुघलकाच्या काळात दौलताबाद-खुलताबादेत माणसं काय बोलत, कशावर वाद घालत, हे शोधणारे अभ्यासक आजही या भावांची पानं उलटतात.