न लिहिलेल्या भाषेचा शोध

भोसरी किंवा चाकण येथील कारखान्याची पाळी सुटली, की फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी निरनिराळ्या प्रांतांतील कामगारांची दाटी होते. तेथे मराठी कामगार 'हात' म्हणतो, हिंदी बोलणारा 'हाथ' म्हणतो, आणि पंजाबी 'हत्थ'. हे साम्य योगायोगाचे नव्हे. या सर्वांच्या मुळाशी असलेला 'हस्त' हा शब्द संस्कृत ग्रंथांत लिहिलेला सापडतो; म्हणून त्यांचे नाते सांगणे सोपे जाते. पण ज्या भाषांच्या जननीने एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांचे नाते कसे ओळखावे?

अशा भाषांचे एक लहानसे कुटुंब आपल्या विदर्भापासूनच सुरू होते. यवतमाळकडील कोलाम लोकांची कोलामी, चंद्रपूरकडील नाइकी, बस्तरची पारजी आणि ओडिशा व आंध्र यांच्या सीमेजवळची गदबा या त्या बहिणी होत. (गदबा हे नाव मुंडा कुळातील एका भाषेलाही आहे, ती अगदी निराळी.) तमिळ, तेलुगू व कन्नड ज्या द्राविड कुळातील, त्याच कुळाची ही मधली शाखा. पारजीवर बरो व भट्टाचार्य यांनी १९५३ साली, तर कोलामीवर एमेनो यांनी १९५५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

आता बहिणींची साक्ष घेऊ. पाण्याला कोलामीत 'ईर्' म्हणतात. एकट्या कोलामीवर विसंबले, तर मूळ शब्द 'ईर्' असाच वाटेल. परंतु पारजी व गदबा 'नीर्' म्हणतात, आणि दूरची तमिळही 'नीर्'च म्हणते. तेव्हा आरंभीचा नकार कोलामीनेच गमावला, हे उघड आहे. (आपल्या कवितेतील 'नीर' संस्कृतातून आले, संस्कृताने ते द्राविड भाषांकडून घेतले असावे, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे.)

दुसऱ्या ठिकाणी मात्र चूक पारजीची निघते. दाताला कोलामीत 'पल्', पारजीत ऱ्हस्व एकाराने 'पेल्'. दुधाला कोलामीत 'पाल्', पारजीत दीर्घ एकाराने 'पेल्'. डोळ्याला दोघीही 'कन्' म्हणतात. म्हणजे पारजीत सरसकट बदल झालेला नाही. पुढे लकारासारखा वर्ण असता तो झाला. येथे जुना स्वर कोलामीने राखला. असे पडताळून जे मूळ रूप ठरते, त्याच्याआधी विद्वान एक तारका काढतात. तो शब्द कोणी ऐकलेला नाही, अनुमानाने मिळाला आहे, एवढाच तिचा अर्थ.

हे अनुमान पोकळ नसते. दुधाला आजची कन्नड 'हालु' म्हणते. इतर बहिणींवरून पाहता तेथे पूर्वी पकार असला पाहिजे. आणि जुन्या कन्नडात तो खरोखरच आढळतो!

कोलामीला मात्र असे जुने लिखित पाठबळ नाही; तिची साक्ष बोलणाऱ्यांच्या मुखातच आहे. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषिक सव्वा लाखाच्या आसपास होते. यवतमाळचा एखादा कोलाम तरुण चाकणला कामास आला, तर यंत्रापाशी त्याला मराठी व हिंदीच लागते. पाण्याला 'ईर्' तो म्हणेल, ते रात्री गावाकडे आईला फोन करताना. त्याची मुले चाकणच्या शाळेत जाऊ लागली, म्हणजे ती पाण्याला काय म्हणतील?