‘मिलिटरी पोलीस’ म्हणजे नेमके कोण?

समजा, ‘मिलिटरी पोलीस’ हा शब्द टाकून तुम्ही पेपर शोधायला बसलात. त्यात ब्राझीलमधल्या शहरांतल्या गस्तीवरचे पेपरही येतील. इथेच गडबड होते.

भारतात लाल टोपीवाले मिलिटरी पोलीस हे सैन्याचाच भाग. जवानांची शिस्त, लष्करी वाहतूक, युद्धकैद्यांची व्यवस्था ही त्यांची मुख्य कामं. गावातली चोरी पकडणं हे त्यांचं काम नाही.

ब्राझीलमध्ये उलट आहे. १९८८ च्या राज्यघटनेनुसार तिथले मिलिटरी पोलीस त्या-त्या राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली असतात आणि रस्त्यावर गस्त घालतात. लष्कराचे पोलीस तिथे वेगळेच आहेत. इटलीचे काराबिनिएरी तर दोन्ही करतात, सैन्यातलं पोलिसिंग आणि नागरी गुन्ह्यांचा तपासही.

आता या तिघांचे अटकेचे आकडे एकाच तक्त्यात टाकले, तर आपण तुलना कशाची केली? म्हणून प्रपोजल लिहिण्याआधी प्रत्येक देशासाठी तीन प्रश्न विचारा: हे पोलीस कोणाला अटक करू शकतात? हुकूम कोणाचा चालतो? चूक झाली तर खटला कोणत्या कोर्टात जातो? उत्तरं आधी व्याख्येत लिहा, मगच डेटा गोळा करा. तुलना नावाची नको, कामाची करा.