पाठीमागून झालेली धडक आणि दायित्वाची वाटणी

एका वाहनावर मागून दुसरे वाहन आदळले की दोष मागच्या चालकाचाच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती निराधार नाही; तथापि तिला अपवादरहित नियम मानणे युक्त होणार नाही. विधीच्या दृष्टीने ते एक अनुमान होय, आणि पुराव्याने त्याचे खंडन होऊ शकते.

या अनुमानाचा पाया अंतर राखण्याच्या कर्तव्यात आहे. १९८९ च्या मार्गविषयक विनियमांतील २३ व्या विनियमाप्रमाणे, पुढील वाहन एकाएकी मंदावले किंवा थांबले तरी टक्कर टळेल इतके अंतर मागील चालकाने ठेवावयाचे असे. २०१७ साली नवे विनियम आले. कर्तव्य मात्र कायम राहिले. ‘एकाएकी’ हा शब्द येथे निर्णायक आहे. पुढच्याने अचानक ब्रेक लावला, एवढ्या सबबीवर मागच्याची सुटका होत नाही. कारण ती शक्यता कर्तव्यातच गृहीत धरलेली आहे. ट्रकच्या मागे १० ते १५ फुटांवरून चाललेल्या मोटारीच्या प्रकरणात ते अंतर सुरक्षित म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर तोडते. म्हणजे १५ फूट ओलांडण्यास त्याला पाव सेकंदाहून किंचितच अधिक काळ लागतो. तेवढ्यात चालकाचा पाय ब्रेकवर पडणेही कठीण.

परंतु पुढच्या चालकासही कर्तव्य आहे. सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्यावाचून एकदम ब्रेक लावू नये, असे १९८९ चा २४ वा विनियम सांगत असे. या दोन कर्तव्यांचा मेळ २०२५ च्या एका निर्णयात दिसतो. महामार्गावर एका मोटारचालकाने गरोदर पत्नीला मळमळू लागल्यामुळे, मागच्यांना इशारा न देता, गाडी थांबविली. मागील मोटारसायकलस्वार तिच्यावर आदळून पडला व मागून आलेल्या बसखाली त्याचा पाय गेला. न्यायाधिकरणाने मोटारचालकास पूर्णतः निर्दोष मानले होते; उच्च न्यायालयाने त्याच्याकडे ४० टक्के दोष दिला; सर्वोच्च न्यायालयाने तो ५० टक्के ठरविला. बसचालकाकडे ३० टक्के, आणि पुरेसे अंतर न राखणाऱ्या, वैध अनुज्ञप्ती नसलेल्या स्वाराकडे २० टक्के दोष आला.

ही टक्केवारी केवळ हिशेबाची बाब नव्हे. जखमी व्यक्तीचा स्वतःचा दोष असेल, तर ती अंशदायी हयगय होय, आणि तेवढ्या प्रमाणात तिची भरपाई घटते. याउलट, मागील मोटारीतील प्रवाशाचा टकरीत काहीच वाटा नसतो. दोन्ही चालक दोषी ठरल्यास त्याच्या बाबतीत ती संयुक्त हयगय होते. २०१५ च्या निर्णयानुसार तो संपूर्ण रक्कम कोणत्याही एका दोषी पक्षाकडून वसूल करू शकतो. दोषाच्या प्रमाणाचा हिशेब मग त्या पक्षांनी आपसांत करावयाचा.

म्हणून न्यायाधिकरणापुढील खरा प्रश्न ‘कोण मागे होता?’ एवढाच नसतो. अंतर किती होते, थांबण्यास कारण होते काय, इशारा दिला होता काय, मागचे दिवे लागत होते काय, हे प्रश्न विचारावे लागतात. फौजदारी खटल्याप्रमाणे येथे निःसंशय सिद्धता लागत नाही, अधिसंभाव्यता पुरते. परंतु त्यासाठीही घटनास्थळाचा पंचनामा काळजीपूर्वक झालेला असावा लागतो.