रूळ धरून ठेवणारा खिळा व त्याच्या रचनेतील सुधारणा

वरंध, बिरवाडी किंवा पोलादपूर या भागातील मुलांना घाट, ओढे व दरडी जितक्या परिचित आहेत तितकी रेल्वे परिचित नाही. तथापि महाड तालुक्यातून आज कोकण रेल्वेचा मार्ग जातो व वीर, सापे वामने, करंजाडी आणि विन्हेरे ही स्थानके या मुलांना दूरची राहिलेली नाहीत. रोहा ते वीर हा मार्ग १९९३ मध्ये सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण कोकण रेल्वेमार्गावर गाड्या धावू लागल्या. गणपतीस व शिमग्यास मुंबईहून येणारी माणसे याच रुळांवरून येतात. सबब, हे रूळ जागच्या जागी कशाने राहतात, असा प्रश्न एखाद्या मुलाने वर्गात विचारल्यास शिक्षकाजवळ त्याचे समाधानकारक उत्तर असणे इष्ट होय. पाचर, घर्षण, पेच, स्थितिस्थापकता व उष्णतेने होणारे प्रसरण हे विज्ञानाचे पाच पाठ या एका प्रश्नात सामावलेले आहेत.

खिळ्याचे काम काय ?

लोहमार्गाचे मुख्य भाग चार. खाली खडी, खडीवर आडवे टाकलेले स्लीपर, स्लीपरांवर रूळ आणि रूळ व स्लीपर यांना जोडणारे बंधन. हे बंधन आकाराने सर्वांत लहान. परंतु त्याच्याकडे कामे तीन. पहिले, दोन रुळांमधील अंतर कायम राखणे. आपल्याकडील रुंदमापी मार्गावर हे अंतर १६७६ मिलिमीटर असते. वळणावर गाडीची चाके बाहेरच्या रुळास बाहेर ढकलतात. तो सरकला, अंतर वाढले, की चाक आत घसरण्याचा धोका उद्भवतो. दुसरे काम, रूळ वर उचलला जाऊ न देणे. तिसरे, रूळ त्याच्या लांबीच्या दिशेने सरकू न देणे.

रूळ वर कशाला उचलला जाईल, अशी शंका मुले घेतील. भरलेल्या मालगाडीच्या एकेका चाकाचा भार सुमारे १० टन असतो. हा भार जेथे पडतो तेथे रूळ किंचित दबतो आणि त्याच्या थोडा पुढे व थोडा मागे तो किंचित उचलला जातो. सतरंजीवर पाय देऊन चालताना पुढे लहानशी घडी सरकत जाते, त्यासारखाच हा प्रकार. प्रत्येक चाकागणिक रूळ याप्रमाणे खालीवर होतो आणि प्रत्येक वेळी तो खिळ्यास वर ओढतो.

ठोकावयाचा खिळा

भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. त्याच्या सुमारे वीस वर्षे आधी अमेरिकेत रॉबर्ट स्टिव्हन्स या अभियंत्याने सपाट तळाचा रूळ व तो दाबून धरणारा आकडेवजा डोक्याचा खिळा प्रचारात आणला. पुढे ट्रॉय येथील हेन्री बर्डन याने असे खिळे यंत्रावर घडविण्याची युक्ती शोधली व १८४० मध्ये तिचे पेटंट घेतले. लोहाराच्या ऐरणीवर एकेक घडणारा खिळा त्यामुळे हजारोंच्या संख्येने मिळू लागला.

या खिळ्याचा दांडा चौकोनी असतो. त्याचे डोके एका बाजूस पुढे आलेले असून तेवढा भाग रुळाच्या तळपट्टीवर बसतो. डोक्याच्या दोन्ही अंगांस कानासारखे उंचवटे असतात. त्यांत पहार अडकवून खिळा उपटता येतो. एकंदर आकार कुत्र्याच्या डोक्यासारखा दिसतो म्हणून इंग्रजी राज्यात त्यास ‘डॉग स्पाइक’ हे नाव पडले व रेल्वेच्या कामगारांत ते तसेच राहिले.

या खिळ्याचे टोक सुईसारखे नसून छिन्नीसारखे असते, ही गोष्ट मुलांच्या विशेष निदर्शनास आणावी. छिन्नीची धार लाकडाच्या रेषांना आडवी धरून खिळा ठोकला म्हणजे ती धार तंतू कापत खाली जाते. कापलेले तंतू खाली वाकून खिळ्याच्या अंगावर दाबून बसतात. खिळा वर ओढला की हेच तंतू त्यास अडवितात. धार रेषांच्या दिशेने धरली तर मात्र पाचर घातल्याप्रमाणे लाकूड फाटते. गावातील सुतार पातळ फळीत खिळा ठोकण्यापूर्वी त्याचे टोक हातोडीने बोथट करतो, त्यामागील तत्त्वही हेच होय.

दोष व त्यांवरील उपाय

ठोकलेला खिळा घर्षणावर टिकतो. रुळाच्या प्रत्येक उचलण्याबरोबर तो केसभर वर येतो, पुन्हा ठोकावा लागतो व प्रत्येक वेळी भोक सैल होत जाते. भोकात पावसाचे पाणी मुरते व लाकूड कुजते. महाडसारख्या प्रदेशात, जेथे वर्षास तीन हजार मिलिमीटरच्या आसपास व त्याहूनही अधिक पाऊस पडतो, तेथे हा दोष किती वेगाने वाढेल हे सांगावयास नको. अखेर स्लीपर अन्यथा धड असूनही केवळ भोके निकामी झाल्यामुळे टाकून द्यावा लागतो. साल, साग व देवदार यांची अरण्ये रेल्वेच्या स्लीपरांसाठी मोठ्या प्रमाणावर तुटली आणि १८६४ मध्ये वनखाते स्थापन होण्यास जी कारणे घडली त्यांत हे एक प्रमुख कारण होते. म्हणजे खिळ्याच्या दोषाची किंमत अरण्यांनीही मोजली.

यावर क्रमाक्रमाने उपाय झाले. खिळ्याच्या जाडीपेक्षा किंचित लहान भोक आधी पाडून मग खिळा ठोकण्याची पद्धत पडली. त्यायोगे लाकूड फाटणे थांबले व पकडही वाढली. रुळाखाली लोखंडी तबकडी घालण्यात आली. तिच्यामुळे भार लाकडावर पसरला आणि रुळाच्या दोन्ही बाजूंचे खिळे एकमेकांस साहाय्य करू लागले. नंतर पेचाचा खिळा आला. साध्या खिळ्यास केवळ घर्षण धरून ठेवते. पेचाच्या प्रत्येक आट्यावर मात्र लाकडाचा थर बसलेला असतो, म्हणून तो सरळ ओढून निघत नाही, फिरवूनच काढावा लागतो.

आपल्या देशात लाकडाऐवजी बिडाचे व पोलादाचे स्लीपरही दीर्घकाळ वापरले गेले. त्यांत खिळा ठोकता येत नाही. म्हणून रूळ व स्लीपरचा जबडा यांमध्ये लोखंडी पाचर ठोकून बसवीत. या पाचरेस ‘की’, म्हणजे चावी, म्हणत आणि रोज रूळमार्गावरून चालत जाऊन सैल चाव्या ठोकणारा तो ‘कीमन’ किंवा चावीवाला. बहुतेक ठिकाणच्या चाव्या गेल्या, पण नाव व काम दोन्ही टिकून आहेत.

खिळ्याकडून कमानीकडे

वरील सर्व सुधारणांत एक उणीव राहून गेली. खिळा असो, पेच असो वा पाचर असो, ती ताठ वस्तू आहे. रूळ व तिच्यामध्ये एक मिलिमीटर फट पडली की तिचा दाब शून्य होतो. खिळा अधिक जाड केला वा अधिक जोराने ठोकला म्हणून ही अडचण दूर होत नाही. रूळ हलणारच हे गृहीत धरून त्याच्याबरोबर हलणारे व तरीही दाब न सोडणारे बंधन हवे होते. नॉर्वेतील रेल्वे अभियंता पर पांडे-रॉल्फसेन याने १९५० च्या दशकात असे बंधन तयार केले. पोलादी सळई वाकवून केलेली ही कमान त्याच्याच आडनावावरून ‘पँड्रॉल’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली.

भारतीय रेल्वेवर काँक्रीटच्या स्लीपरांबरोबर हीच कमानदार क्लिप रूढ झाली व कोकण रेल्वेचा मार्गही अशाच स्लीपरांवर घातलेला आहे. स्लीपर ओततानाच त्यात बिडाचा तुकडा पक्का बसवितात. त्याच्या डोळ्यात क्लिपेचा एक पाय हातोडीने रुळाच्या दिशेने सरकवितात. दुसरे टोक रुळाच्या तळपट्टीवर दाबून बसते. रुळाखाली रबराची गादी असते. नेहमीच्या प्रकारची क्लिप बसविताना तिचे टोक सुमारे साडेतेरा मिलिमीटर उचलले जाते व त्यामुळे ती रुळावर ८५० ते ११०० किलोग्रॅम इतका दाब देते. आता हिशेब करावा. साडेतेरा मिलिमीटरांस सुमारे १००० किलो, तर एक मिलिमीटरास सुमारे ७५ किलो. म्हणजे रूळ एक मिलिमीटर दबला तरी क्लिपेचा दाब ७५ किलोंनीच घटतो. नऊशेहून अधिक किलो शिल्लक राहतात. ताठ खिळ्याच्या बाबतीत त्याच एका मिलिमीटरात सर्व दाब गेला असता.

या दाबाची आवश्यकता उन्हाळ्यात विशेष कळते. पूर्वी रुळांच्या सांध्यांत फट ठेवीत. आता रूळ वितळजोड करून लांबच लांब अखंड ठेवतात. एक किलोमीटर पोलाद ३० अंश सेल्सिअसने तापले तर मोकळे असताना सुमारे ३५ सेंटिमीटर वाढेल. क्लिपांच्या पकडीमुळे ही वाढ होऊ शकत नाही. परंतु मीटरला ५२ किलो वजनाच्या रुळात त्यामुळे सुमारे ४९ टनांचा दाब साठून राहतो. क्लिपा रुळाला स्लीपरशी बांधतात व खडी स्लीपरला अडविते. ही साखळी तुटली तर रूळ सापासारखा वाकेल.

अर्थात ही कमानही निर्दोष नव्हे. कोकणच्या दमट हवेत ती गंजते व डोळ्यात घट्ट अडकून बसते. म्हणून वेळोवेळी काढून, साफ करून, वंगण लावून ती पुन्हा बसवावी लागते. अमेरिकेत लाकडी स्लीपर व ठोकलेले खिळे आजही मोठ्या प्रमाणावर आहेत. लाकूड, हवामान, वेग व खर्च यांनुसार बंधनाची निवड होते.

वर्गात करावयाचे प्रयोग

मऊ लाकडाच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. टोक चपटे केलेला खिळा एका पट्टीत रेषांना आडवा व दुसरीत रेषांच्या दिशेने ठोकून कोणती फाटते ते पाहावे. ठोकण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे. पुढे एक साधा खिळा व एक पेच बसवून पकडीने सरळ ओढून पाहावे. तिसऱ्या प्रयोगात दोन पुठ्ठे सुतळीने घट्ट बांधावेत व तसेच दोन पुठ्ठे कपडे वाळविण्याच्या चिमट्याने धरावेत. प्रत्येक जोडीतील एक पातळ पुठ्ठा काढून घेतला की सुतळी सैल पडते, चिमटा मात्र उरलेला पुठ्ठा धरून राहतो. वरच्या इयत्तांत गणिताची जोड द्यावी : एका स्लीपरास ४ क्लिपा व किलोमीटरास १६६० स्लीपर, तर क्लिपा किती ? उत्तर ६६४०.

शिक्षकांचे विशेष कर्तव्य

हा पाठ प्रयोगांवर संपवू नये. १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीच्या धोंड्यांमुळे मत्स्यगंधा एक्सप्रेसला भीषण अपघात झाला व अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. तेथे खिळ्याचा दोष नव्हता. परंतु रुळावरील धोंडा काय करू शकतो हे या तालुक्याने पाहिले आहे. रुळावर गंमत म्हणून दगड ठेवणे, भंगारासाठी वा खेळण्यासाठी क्लिप काढून आणणे, यांचा परिणाम मुलांस स्पष्ट शब्दांत सांगावा. गाडी घातपाताने उलटविण्याच्या उद्देशाने असे कृत्य करणाऱ्यास १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वये जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तथापि शिक्षेच्या भयापेक्षा समजूत श्रेष्ठ होय. एक क्लिप सुटली म्हणून गाडी पडत नाही, हे खरे. पण ओळीने काही सुटल्या तर शेजारच्या क्लिपांवर भार चढतो व रूळ सरकू लागतो.

क्लिप निघालेली, रूळ तडकलेला किंवा मार्गावर दरड आलेली दिसल्यास मुलांनी स्वतः रुळावर जाऊ नये. जवळच्या मोठ्या माणसास सांगावे आणि त्याने स्टेशनमास्तरास अथवा १३९ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. चावीवाला पावसापाण्यात रोज किती मैल चालतो व कशासाठी चालतो, हे मुलांस समजले म्हणजे हा पाठ सफल झाला असे समजावे.