रंग उतरला की पुरावाही उतरतो : दुचाकीचे भाग घासणं, पॉलिश करणं आणि वॉरंटी

आजचा विषय आपल्या शहराच्या अगदी जवळचा आहे. छत्रपती संभाजीनगरात दुचाकी नुसती चालवली जात नाही, ती इथे बनते. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला कास्टिंग, मशिनिंग, प्लेटिंग, पॉलिशिंग करणारे लहानमोठे उद्योग वाढत गेले. त्यामुळे बफिंगचा हात असलेली माणसं आपल्याकडे फार शोधावी लागत नाहीत. मग नवी गाडी घेतली की कुणीतरी म्हणतंच, ‘‘काळी मॅग व्हील्स घासून आरशासारखी करून घेऊ.’’ करून मिळतातही. प्रश्न पुढचा आहे : वॉरंटीचं काय?

यावर आपल्याला दोन उत्तरं ऐकायला मिळतात. एक, ‘‘हात लावला की सगळी वॉरंटी गेली.’’ दुसरं, ‘‘काही होत नाही, वरवरचं तर काम आहे.’’ दोन्ही अर्धवट आहेत. का, ते बघू.

आधी ‘वरवरचं’ म्हणजे काय ते समजून घेऊ. अॅल्युमिनियम हवेत आलं की त्यावर आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो. अॅनोडायझिंगमध्ये हाच थर विजेच्या मदतीने मुद्दाम जाड आणि कडक केला जातो. हा थर रंगासारखा वरून लावलेला नसतो. धातूचाच काही भाग त्यात बदललेला असतो. म्हणून कॉस्टिक सोड्यात बुडवून तो काढला, की मूळ मापातली धातूही जाते. शिवाय थर विरघळल्यावर कॉस्टिक थांबत नाही. ते खालचं अॅल्युमिनियम खायला लागतं आणि हायड्रोजन वायू सुटतो, जो पेट घेऊ शकतो. बंद खोलीत हे करणं म्हणजे जिवाशी खेळ.

आता भागागणिक फरक बघा. इंजिनाचं बाहेरचं कव्हर घासलं, तर बहुतेक वेळा फक्त दिसण्यात फरक पडतो. पण चाकाच्या हबमध्ये जिथे बेअरिंग बसतं, तिथलं माप शतांश मिलिमीटरमध्ये सांभाळलेलं असतं. सँड ब्लास्टिंग करताना ती जागा झाकली नाही, तर बेअरिंग सैल बसतं. शॉकअपच्या नळीवरचा हार्ड क्रोम शोभेसाठी नसतो. ऑइल सील त्याच्यावर घासत चालतं. तिथे पॉलिश पेपर मारला की काही दिवसांत तेल गळायला लागतं.

उष्णतेचं तर विशेष सांगायला हवं. बरीच अलॉय व्हील्स ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ ठेवून मजबूत केलेली असतात. रंग लवकर निघावा म्हणून कुणी ब्लो टॉर्च मारला किंवा भट्टीत चारशे अंशांपर्यंत तापवलं, तर ही मजबुती उतरते. चाक दिसायला तसंच राहतं. खड्ड्यात आदळल्यावर कळतं. पोलादाची गोष्ट वेगळी. जास्त ताकदीचे बोल्ट किंवा स्प्रिंग अॅसिडमध्ये टाकून साफ केले, तर हायड्रोजन धातूत शिरतो आणि भाग ठिसूळ होतो. तो लगेच तुटत नाही, नंतर भार आल्यावर अचानक तुटतो. प्लेटिंगवाले जाणकार अशा भागांना लगेच भट्टीत ठेवून हायड्रोजन बाहेर काढतात, ते याचसाठी.

आता वॉरंटीकडे येऊ. वॉरंटी म्हणजे काय, तर बनवण्यात किंवा मालात दोष निघाला तर तो आम्ही दुरुस्त करू, असं कंपनीचं वचन. म्हणजे सगळा वाद एका प्रश्नावर येतो : दोष मुळात होता, की नंतर आला? समजा रिमला तडा गेला. कास्टिंगमध्ये पोकळी होती की घासताना कड पातळ झाली? मूळ रंग, मूळ पृष्ठभाग, कास्टिंगवरच्या खुणा शाबूत असतील, तर तपासणाऱ्याला काहीतरी सांगता येतं. आपण त्या पुसून टाकल्या असतील, तर आपली बाजू आपणच कमकुवत केलेली असते. रंगाबरोबर पुरावाही उतरतो, तो असा.

म्हणून ज्या भागाला हात लावला, त्या भागाचा दावा टिकवणं अवघड, हे मान्य करून चालावं. पण रिम पॉलिश केली म्हणून स्टार्टर मोटरचा दावा आपोआप बुडत नाही. दोघांचा संबंध काय, हा प्रश्न आपण विचारू शकतो. अर्थात, वॉरंटीच्या पुस्तिकेत फेरफाराबद्दल काय अट लिहिली आहे, ती आधी वाचायची. काम करून घेतल्यावर नव्हे.

कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सदोष वस्तूमुळे इजा झाली तर भरपाई मागण्याची तरतूद आहे. पण कलम ८७ नुसार, इजा झाली त्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्यावर असा दावा चालत नाही. वस्तूतच दोष असल्याची तक्रार ही वेगळी बाब. ती जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. प्रयोगशाळेत पुन्हा तोच प्रश्न : तपासायला मूळ काही उरलंय का?

मग हौस करायचीच नाही का? करायची, पण रीतीने. काम करण्याआधी प्रत्येक भागाचे जवळून फोटो काढा, त्यावरचे नंबर दिसतील असे. शक्य असेल तर जुना, वापरलेला किंवा सुटा विकत घेतलेला भाग पॉलिश करा आणि गाडीचा मूळ भाग कापडात गुंडाळून ठेवा. चाक, ब्रेक, शॉकअप, हँडल, एक्सल यांना वॉरंटी संपल्यावरही जपूनच हात लावा. तिथे प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे. चासी नंबरच्या जागी ग्राइंडर अजिबात लावू नका. गाडीचा रंगच बदलणार असाल, तर आरसीवर रंगाची नोंद असते, ती आरटीओत बदलून घ्या. पॉलिशवाल्याकडून पावती घ्या आणि कोणतं रसायन, किती तापमान, हे तिच्यावर लिहून मागा.

आणि सर्व्हिस सेंटरने दावा नाकारला, तर तोंडी उत्तरावर परतू नका. कोणता भाग, कोणती अट, कोणतं कारण, हे लेखी मागा. तिथे अडलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तो कागद आणि आधी काढलेले फोटो, एवढं हातात असलं की बोलणी निदान बरोबरीने सुरू होतात.