जबड्याचें दुखणें आणि मनाचा ताण

माणूस संतापला म्हणजे तो 'दांतओठ खातो' असें आपण म्हणतों. भयानें त्याची वाचा बंद झाली म्हणजे त्याची 'दांतखीळ बसली' असें म्हणतों. मनांतील क्षोभ जबड्यांत उतरतो, हें आपल्या भाषेला फार पूर्वींच ठाऊक होतें. वैद्यकशास्त्र या बाबतींत काय सांगतें, तें आज थोडक्यांत पाहूं.

कानाच्या अगदीं पुढें बोट ठेवून तोंड उघडावें व मिटावें. बोटाखालीं कांहीं तरी सरकल्यासारखें वाटेल. तोच जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याच्या हाडाचा गोलसर माथा कवटीच्या खोबणींत बसतो व दोहोंमध्यें एक लवचिक चकती असते. तोंड उघडतांना हा माथा प्रथम जागच्या जागीं फिरतो आणि मग चकतीसह पुढें सरकतो. एक गुडघा दुसऱ्यावांचून वांकूं शकतो. जबड्याच्या दोन सांध्यांना मात्र जोडीनेंच हालावें लागतें. हे सांधे, किंवा त्यांना हालविणारे गालांतील व कानशिलांतील स्नायु दुखावले म्हणजे घास चावतांना कळ येते, कानाजवळ कटकट असा आवाज होतो, जांभई देतांना तोंड अडतें. पुष्कळांस दाढच किडली असें वाटतें.

याचें कारण काय? १९३४ सालीं अमेरिकेंतील कॉस्टेन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीं असें प्रतिपादन केलें कीं, दाढा पडल्यामुळें जबडा खचतो व सांध्यावर दाब येतो. त्यानंतर पुष्कळ वर्षें दांतांची उंची वाढविणें, दांत घासून जुळविणें, यांवर भर राहिला. १९६९ सालीं लॅस्किन या दंतवैद्यकाच्या संशोधकानें निराळी बाजू पुढें आणली : मनावर ताण असतां माणूस नकळत दांत आवळतो, स्नायु थकून आखडतात व पीडा तेथें उपजते. आज केवळ एका कारणावर कोणी बोट ठेवीत नाहीं. अमेरिकेंत २००६ पासून निरोगी माणसांची कित्येक वर्षें पाहणी झाली. ज्यांस आधींपासून मानसिक ताण व शरीराच्या इतर तक्रारी अधिक होत्या, त्यांच्यांत हें दुखणें पुढें अधिक प्रमाणांत उद्भवलें. मार, संधिवात, अनुवंश, झोप आणि मन, असे अनेक धागे येथें गुंतलेले असतात.

मन स्नायूंपर्यंत पोंचतें कसें? भय वा क्रोध उत्पन्न होतांच मेंदू शरीराला झुंजण्यास किंवा पळण्यास सज्ज करतो आणि स्नायु ताठतात. परंतु वरिष्ठांची बोलणीं खातांना, किंवा दादर स्थानकावर गर्दीमुळें तिसरी गाडी सोडावी लागतांना, झुंजतांही येत नाहीं आणि पळतांही येत नाहीं. तो आवेश दांतांखालीं दाबला जातो. परीक्षेच्या वेळीं वर्गांत फेऱ्या घालतांना मुलांचे आवळलेले जबडे मीं पुष्कळ वर्षें पाहिले आहेत. वस्तुतः वरचे-खालचे दांत दिवसांतून फार थोडा वेळ, मुख्यतः चावतांना व गिळतांना, एकमेकांस लागावयाचे असतात. ते तासन् तास आवळले गेले म्हणजे स्नायु दुखूं लागतात. दुखण्यानें झोप मोडते. झोप मोडल्यानें वेदना अधिक जाणवते, आणि त्यामुळें चिंता वाढते. असें हें रहाटगाडगें फिरत राहतें. २०२० सालच्या महामारींत इस्राएल व पोलंड येथें झालेल्या पाहणींत चिंतेबरोबर जबड्याच्या तक्रारीही वाढल्याचें आढळलें.

कित्येकजण झोपेंत दांत खातात. गिरगांव-लालबागच्या चाळींतील एका खोलींत हा आवाज शेजारीं निजलेल्यालाच आधीं कळतो. आपल्याकडे याचा दोष जंतांना देण्याची रीत आहे. ताणाचा त्यांत भाग असूं शकतो. परंतु निद्रेंतील मेंदूच्या व्यापारांशींही त्याचा संबंध आहे.

आतां महत्त्वाची गोष्ट. मनाचा संबंध आहे, एवढ्यावरून 'हे तुझ्या मनाचे खेळ' असें दुखणाइताला ऐकविणें हा अन्याय होय. हें दुखणें स्त्रियांत अधिक आढळतें, आणि असें ऐकून घेण्याची पाळीही बहुधा त्यांच्यावरच येते. ताण मनांत उपजला तरी दुखणारा स्नायु खरा आहे. दाढेचें दुखणें समजून चांगली दाढ उपटून घेणें हीही तितकीच मोठी हानि.

उपाय साधे आहेत. ओठ मिटलेले, दांत सुटे, जीभ सैल, ही स्थिति दिवसांतून अनेकदां आठवून पाहावी. कांहीं दिवस मऊ अन्न घ्यावें, गालांना शेक द्यावा, जांभई देतांना हनुवटीखालीं हात धरावा. दंतवैद्य गरजेप्रमाणें रात्रीं दांतांवर बसवावयाची पट्टी देतात. पुन्हां पूर्ववत् करतां येणार नाहींत असे दांत घासण्याचे वा शस्त्रक्रियेचे उपाय आरंभींच करूं नयेत. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयांत तपासणी होऊं शकते. चिंता वा खिन्नता हटत नसेल, तर परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. तेथें जाण्यांत कमीपणा नाहीं.

मात्र प्रत्येक अडलेला जबडा ताणाचा नव्हे. सुपारी-गुटखा खाणाऱ्याचें तोंड दिवसेंदिवस कमी उघडूं लागलें व तिखट झोंबूं लागलें, तर तो निराळा रोग असून त्यांतून पुढें कर्करोग संभवतो. जखमेनंतर दांतखीळ बसणें हें धनुर्वाताचें लक्षण असूं शकतें. चालतांना छातीबरोबर जबडाही दुखला, तर तें हृदयाचें दुखणें असूं शकतें. अशा वेळीं घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें.