‘नाकारणं’ एक, शब्द दोन

बी. ए.चा निकाल लागला आणि आमच्या मोहल्ल्यात माझा भाव एकदम वधारला. रेशनकार्डाचा अर्ज असो की रजेची चिठ्ठी, लोक माझ्याकडे यायचे. असेच एकदा शेजारचे चाचा कारखान्यातून मिळालेला मेमो घेऊन आले. ‘तुम्ही रात्रपाळी करायला नकार दिलात, खुलासा करा,’ असं त्यात होतं. चाचा म्हणाले, ‘‘बेटा, लिहून टाक, मी काम नाकारत नाही. त्या रात्री अंगात ताप होता.’’

मी ऐटीत पहिली ओळ लिहिली, ‘आय डू नॉट डिनाय.’ तापाचं पुढे लिहिलं होतं, पण साहेबांना पहिलीच ओळ पुरली. चाचांनी आरोप कबूल केला, असा तिचा अर्थ झाला. चार दिवसांची मजुरी कापली गेली.

चूक माझी होती. मराठीत आपण आरोपही नाकारतो आणि कामही नाकारतो. इंग्रजीत मात्र या दोन वाटा वेगळ्या आहेत. ‘हे खरं नाही’ असं सांगायचं तेव्हा ‘डिनाय’. ‘मी हे करणार नाही, घेणार नाही’ असं सांगायचं तेव्हा ‘रिफ्यूज’. लाच घ्यायला नकार देणारा ‘रिफ्यूज’ करतो, लाच घेतल्याचा आरोप फेटाळणारा ‘डिनाय’ करतो. पहिला प्रामाणिक आहेच, दुसऱ्याचं कोर्टात ठरेल! एक साधी खूण सांगतो. ‘जायला नकार दिला’ हे ‘रिफ्यूज्ड टू गो’ होतं, तर ‘गेलो होतो हे नाकारलं’ हे ‘डिनाइड गोइंग’. ‘डिनाय’चा आणखी एक उपयोग आहे. एखाद्याला हक्क किंवा परवानगी मिळू दिली नाही, तर तिथेही तो चालतो.

असाच घोळ ‘सावली’चा. भर उन्हात आपण झाडाच्या सावलीत बसतो आणि संध्याकाळी आपलीच सावली लांब झालेली पाहतो. इंग्रजीत ऊन अडवणारा गारवा म्हणजे ‘शेड’, तर जमिनीवर उमटलेली आकृती म्हणजे ‘शॅडो’. ‘शॅडो’ला कडा असतात, आकार असतो. ‘शेड’ला आकार नाही, तिथे फक्त विसावा. आईच्या सावलीबद्दलची कविता इंग्रजीत नेताना नुसतं ‘शॅडो’ लिहिलं, तर मायेचा गारवा जाऊन काळोख येण्याचा धोका असतो.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’चं उलट आहे. आपला शब्द एकच, ‘उसनं’. पुढे ‘घेणं’ किंवा ‘देणं’ जोडलं की काम झालं. इंग्रजीत उसनं घेणारा ‘बॉरो’ करतो आणि देणारा ‘लेंड’. ‘मला शंभर रुपये बॉरो करा’ असं म्हणणाऱ्याला रुपये मिळतीलही, पण वाक्य चुकलेलंच राहील.

मात्र दर वेळी मराठी आपल्याला अडवते असं नाही. ‘स्टील’ आणि ‘रॉब’ घ्या. आपण घड्याळ चोरलं म्हणतो, पण माणसाला लुटलं म्हणतो. इंग्रजीतही तसंच. वस्तू ‘स्टील’ होते, माणूस किंवा बँक ‘रॉब’ होते. इथे मराठी कानावर खुशाल विसंबावं.

म्हणून शब्दांच्या जोड्या पाठ करत बसू नका. आधी आपल्या मनातलं वाक्य मराठीतच पुरं करा. काय नाकारायचंय? कोणती सावली? उसनं कोण देतंय आणि कोण घेतंय? वाक्य पुरं झालं की इंग्रजी शब्द निवडणं सोपं जातं. आणि शंका आली तर शब्दकोशात नुसता अर्थ पाहून थांबू नका, खाली दिलेलं उदाहरणाचं वाक्यही वाचा. फरक बहुधा तिथेच कळतो.

चाचांनी मला कधी बोल लावला नाही. पुढच्या महिन्यात ते दुसरा अर्ज घेऊन माझ्याकडेच आले. त्या दिवशी मात्र मी कागद बाजूला ठेवला आणि म्हणालो, ‘‘चाचा, आधी सगळं नीट सांगा. मग लिहितो.’’